मोटारीचे वंगण आणि मालकाचे हात



व्याख्यानमालांच्या व्यासपीठावरून साम्राज्यांचे उदयास्त आणि थोरामोठ्यांची चरित्रे आपण पुष्कळ ऐकली आहेत. त्या मानाने आजचा माझा विषय जरा तेलकट आहे. मोटारीच्या इंजिनातील जुने तेल काढून नवे घालणे, आणि तेही गॅरेजात न जाता आपल्याच घराच्या अंगणात, या कृतीचा इतिहास मी सांगणार आहे. काम तसे अर्ध्या-पाऊण तासाचे. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावयाचे, खाली शिरून चेंबरचा नट सोडावयाचा, काळे तेल परातीत धरावयाचे, फिल्टर बदलावयाचा, नट आवळून वरून नवे तेल ओतावयाचे आणि पट्टी बुडवून पातळी पाहावयाची. एवढ्याशा कामाला इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. परंतु हे काम मालकाने करावे की मिस्त्रीने, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकदा फिरले आहे. ते का फिरले हे पाहू लागलो, म्हणजे यंत्राचे ज्ञान कोणापाशी राहते आणि यंत्राची घाण कोणाच्या दारात पडते, या दोन गोष्टींचा माग लागतो. पहिलीविषयी पुष्कळ बोलले जाते. दुसरीविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी तिच्यासाठी थोडा अधिक वेळ राखून ठेवला आहे.

वंगण ही वस्तू आपल्याला नवी नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणे हे गाडीवानाचे नित्याचे काम होते. ते चुकले तर चाक सगळ्या गावाला ऐकू जाईल असे कुरकुरत असे. पण लक्षात घ्या, त्या वंगणाचा प्रवास एकाच दिशेचा होता. ते घालावयाचे, झिजू द्यावयाचे, गळून जाऊ द्यावयाचे, आणि पुन्हा नवे घालावयाचे. घातलेले वंगण कोणी काढून घेत नसे. वाफेच्या इंजिनातही पुष्कळ काळ हाच प्रकार होता. आगगाडी थांबली की तेलवाला झारी घेऊन खाली उतरे आणि सांध्यासांध्याला तेल देत फिरे. गाडी पळत असताना सिलिंडरला तेल देणे ही मोठी अडचणीची गोष्ट होती.

ती अडचण ज्यांनी सोडवली त्यांत एलायजा मॅकॉय या माणसाचे नाव फार वर आहे. केंटकी राज्यातील गुलामगिरीतून निसटून कॅनडात आलेल्या नीग्रो दांपत्याचा हा मुलगा, जन्म १८४४ चा. आईबापांनी त्याला शिक्षणासाठी स्कॉटलंडात पाठवले. तेथून तो यंत्रविद्या शिकून आला. परंतु मिशिगनमधील रेल्वेने कातडीचा रंग पाहून त्याला इंजिनिअराची जागा दिली नाही. दिले ते काम कोळसा लोटण्याचे आणि तेल घालण्याचे. जे काम त्याला खाली ढकलण्यासाठी दिले होते त्याच कामातून त्याने आपला शोध काढला. वाफेच्या दाबानेच थेंब थेंब तेल आपोआप सोडणाऱ्या पात्राचे पेटंट त्याला जुलै १८७२ मध्ये मिळाले. इंग्रजीत अस्सल वस्तूला ‘रिअल मॅकॉय’ म्हणतात ते याच्यावरून, असे हौसेने सांगितले जाते. त्या व्युत्पत्तीला भक्कम पुरावा नाही. पण ज्याचे हात रोज तेलात असतात त्याला यंत्राची अडचण आधी कळते, हे दाखवण्यासाठी व्युत्पत्तीची गरजही नाही.

आता मोटारीकडे वळू. पहिल्या काही वर्षांच्या मोटारींत तेलाची व्यवस्था बैलगाडीच्याच न्यायाने चाले. चालकासमोरच्या फळीवर काचेच्या नळ्या असत, त्यांतून तेलाचे थेंब पडताना दिसत. थेंब मोजून तोटी कमीजास्त करावयाची. बेअरिंगमधून गेलेले तेल काही जळे, काही रस्त्यावर सांडे. या पद्धतीला इंजिनिअर लोक सर्वस्वी खर्चाची पद्धत म्हणतात. अशा गाडीत तेल बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण आत जाणारा प्रत्येक थेंब नवा असे. युरोपातील धनिक ही उस्तवार स्वतः करीत नसत. त्यासाठी पगारी माणूस ठेवलेला असे. ‘शोफर’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. मालकाने गाडीत बसावे, शोफरने गाडीखाली निजावे, अशी ती वाटणी होती. त्या वाटणीला तडा देऊ पाहणाऱ्यांत डोरोथी लेव्हिट या इंग्रज बाईंचा उल्लेख केला पाहिजे. स्वतः शर्यतीत मोटार हाकणाऱ्या या बाईंनी १९०९ मध्ये स्त्री आणि मोटार या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात स्त्रियांना सांगितले की या यंत्रात तुम्हाला न समजण्यासारखे काही नाही.

त्याच १९०९ सालाशी आपल्या परसदारच्या एका झाडाचे नाव जोडलेले आहे. लंडनच्या चार्ल्स वेकफील्ड यांच्या कंपनीने आपल्या नव्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिले. त्यातला ‘कॅस्टर’ म्हणजे आपला एरंड. खनिज तेलात एरंडेल मिसळले की ते अधिक चिकट होते आणि तापलेल्या धातूला घट्ट धरून राहते. पहिल्या महायुद्धातील फिरत्या सिलिंडरांची विमाने तर एरंडेलावरच चालत, आणि तीही सर्वस्वी खर्चाच्या पद्धतीने. न जळलेले एरंडेल धुरातून मागे वैमानिकाच्या तोंडावर येई. रविवारी सकाळी आईने नाक दाबून पाजलेल्या एरंडेलाचा परिणाम ज्यांना आठवत असेल, त्यांना त्या शूर वैमानिकांच्या हालांची निराळी कल्पना द्यावयास नको.

तेल बदलण्याची गरज जन्माला आली ती काटकसरीतून. इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठा ठेवावा, तेच तेल उडवून किंवा पंपाने वर चढवून पुन्हा पुन्हा फिरवावे, ही कल्पना रूढ झाली आणि तेलाचा खर्च एकदम खाली आला. पण जे परत येते ते आपल्याबरोबर मळही घेऊन येते. पेट्रोल जळताना पिस्टनच्या कडेने थोडा धूर खाली निसटतो. त्याबरोबर काजळी येते, वाफेचे पाणी होते, सौम्य आम्ले तयार होतात. थंडीत न जळलेले पेट्रोल तेलात उतरून ते पातळ करते. १९२० च्या आसपास ही तेल पातळ होण्याची खोड फार त्रासदायक होती, कारण त्या वेळचे पेट्रोल जड असे आणि नीट उडून जात नसे. मग ठराविक मैलांनंतर सगळे तेल टाकून नवे भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मोटारीचे तेल अशा रीतीने टाकाऊ वस्तू झाली. बैलगाडीच्या युगाला ही वस्तू ठाऊक नव्हती.

या नव्या कामाची शाळा म्हणजे फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी. ऑक्टोबर १९०८ पासून मे १९२७ पर्यंत या एका नमुन्याच्या दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या. सुरुवातीची ८५० डॉलरची किंमत १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली. ही गाडी ज्यांनी घेतली ते शेतकरी, गावोगावचे डॉक्टर, छोटे दुकानदार असे लोक होते. शोफर ठेवण्याची त्यांची ऐपत नव्हती आणि पुष्कळांच्या गावापासून दहा-दहा मैलांत दुरुस्तीचे दुकान नव्हते. त्यामुळे कंपनीने गाडीबरोबर जे पुस्तक दिले ते प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले होते. इंजिनाला तेल कसे मिळते? तेल किती असावे? केव्हा बदलावे? खाली साधेसरळ उत्तर. मी या पुस्तकाला त्या काळातील लोकशिक्षणाच्या उत्तम ग्रंथांत घालीन. त्यातून लाखो माणसे यंत्रशास्त्राचे पहिले धडे शिकली, आणि परीक्षा देण्यासाठी त्यांना कोठे जावे लागले नाही. परीक्षक अंगणात उभाच होता.

या गाडीत तेलाचा पंप नव्हता, दाब दाखवणारे घड्याळ नव्हते, फिल्टर नव्हता. इंजिनाच्या मागे फिरणाऱ्या जड चाकाला लोहचुंबक बसवलेले होते. ते चाक खालच्या तेलात बुडून फिरे आणि तेल वर उडवी. उडालेल्यापैकी थोडे एका नळीच्या तोंडात पडे, नळीतून उताराने पुढच्या टोकाला जाई आणि तेथून पन्हळींतून परत मागे येई. पन्हळींत पिस्टनचे दांडे बुडत आणि शिंतोडे उडवीत. व्यवस्था इतकी साधी की तिच्यात बिघडण्यासारखे थोडेच होते. मात्र तिला उताराचा नियम पाळावा लागे. लांब चढावर गाडी नाक वर करून चालू लागली की तेल मागे साचे आणि पुढचा पहिला दांडा उपाशी राही. गिअरच्या कापसाच्या पट्ट्याही याच तेलात फिरत. त्यांचे तंतू झिजून तेलात मिसळत आणि कधी ती एकुलती एक नळी तुंबवून ठेवीत.

तेलाची पातळी पाहावयास पट्टी नव्हती. गाडीच्या पोटाखाली एकावर एक अशा दोन छोट्या तोट्या होत्या. वरची उघडली असता तेल येऊ नये आणि खालची उघडली असता आले पाहिजे, म्हणजे पातळी बरोबर. याचा अर्थ असा की मालकाला वारंवार जमिनीवर आडवे होऊन गाडीखाली हात घालावा लागे. मग निजल्याशिवाय तोटी उघडण्यासाठी लांब दांडीची हत्यारे बाजारात आली. माणसाच्या आळसाने शोधांना जेवढा हातभार लावला आहे तेवढा गरजेनेही लावला नसेल.

नवी गाडी चारपाचशे मैल चालली की पहिल्याने तेल बदलावे, पुढे साडेसातशे ते हजार मैलांनी, असा त्या पुस्तकाचा सल्ला होता. कृतीही मोठी खटपटीची होती. खालचे बूच काढून जुने तेल जाऊ द्यावयाचे. बूच लावून आत एक गॅलन रॉकेल ओतावयाचे. मग हँडल मारून इंजिन हाताने पंधरावीस वेळा फिरवावयाचे, म्हणजे आतल्या भिंती धुतल्या जातात. ते रॉकेल काढून टाकावयाचे आणि नंतर नवे तेल भरावयाचे, सुमारे एक गॅलन, म्हणजे आपल्या मापाने पावणेचार लिटर. ते काळे तेल आणि काळे रॉकेल कोठे जाई, याविषयी त्या काळी फारसा विचार होत नसे. ते अंगणात जाई, कुंपणाच्या खांबांना लागे, धुळीच्या वाटेवर शिंपडले जाई. देश मोठा, माणसे विरळ, मोटारी तुरळक. त्याचे दुःख कोणाला वाटण्याचे कारण नव्हते.

यानंतरची तीस वर्षे इंजिनिअरांची आणि रसायनशास्त्रज्ञांची आहेत, आणि ती मी थोडक्यात आटोपतो. तेलाचा दाटपणा आकड्यांनी सांगण्याची पद्धत अमेरिकेतील मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने १९११ मध्येच घालून दिली होती. डब्यावरचे तीस-चाळीसचे आकडे त्या वंशातले. १९२३ मध्ये अर्नेस्ट स्वीटलंड यांनी मोटारीसाठी तेलाचा फिल्टर काढला. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे पुढे शुद्ध होणारे तेल, या शब्दांची मोडतोड करून त्याला ‘प्युरोलेटर’ असे नाव दिले, आणि पुढल्याच वर्षी क्रायस्लरच्या नव्या गाडीत तो बसला. थंडीत पातळ राहणारे व उन्हाळ्यात फार पातळ न होणारे बहुगुणी तेल १९५० नंतर घरोघर पोहोचले.

यांतील एक गोष्ट मात्र सावकाश सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयी अजूनही गैरसमज आहे. १९३० नंतर कॅटरपिलर कंपनीच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा चिकटू लागल्या. तेलातला मळ तापून त्यांच्या खाचांत राळेसारखा बसे. यावर उपाय म्हणून कॅलिफोर्नियाच्या एका तेल कंपनीने १९३५ मध्ये साबणाच्या गुणाची द्रव्ये मिसळलेले तेल काढले. ते मळाला भिंतीवर बसू देत नाही. बारीक कणांच्या रूपाने स्वतःमध्ये तरंगत ठेवते. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलच्या गाड्यांतही हीच तेले आली. आता याचा परिणाम काय झाला पाहा. पूर्वी तेल बरेच दिवस सोनेरी दिसे आणि इंजिन आतून काळे होई. आता इंजिन स्वच्छ राहते आणि तेल लौकर काळे होते. पट्टी काढून तेलाचा थेंब बोटावर घेणारा गृहस्थ काळा रंग पाहून घाबरतो आणि तेल खराब लागले म्हणून दुकानदाराला बोल लावतो. खरे पाहता, धुणे पिळल्यावर पाणी गढूळ निघाले म्हणून कोणी परटाला दोष देत नाही. केव्हा बदलावे हे रंगावरून ठरत नाही. ते किलोमीटर आणि महिने यांवर ठरते. डिझेलच्या गाडीत तर नवे तेलही थोड्याच प्रवासात काळे दिसू लागते.

तेल सुधारले आणि त्याबरोबर मालक गाडीपासून दूर गेला. १९२५ च्या सुमारास मेम्फिसच्या पीटर लुनाटी यांनी तेलाच्या दाबाने गाडी उचलणारा पाळणा केला. खड्ड्यात उतरण्याची किंवा पाठीवर निजण्याची गरज संपली. पेट्रोलपंपावर इस्त्रीचे कपडे घातलेला माणूस काच पुसून, पट्टी पाहून, तेल बदलून देऊ लागला. ज्या माणसाच्या बापाने दोन तोट्या उघडून पातळी पाहिली होती, त्याला आपल्या गाडीचा नट कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण राहिले नाही. याला मी अधोगती म्हणत नाही. सगळ्यांनी सगळेच शिकावे असा आग्रह धरणे वेडेपणाचे आहे. पण कोणतीही विद्या एका पिढीत किती सहज हातातून जाते याचा हा बोलका नमुना आहे.

ती परत आली १९७३ च्या तेलटंचाईनंतर. अमेरिकेत पेट्रोल महागले, हजारो पंप बंद झाले आणि उरलेल्यांनी दुरुस्तीच्या जागा काढून टाकल्या. मजुरीचे पैसे वाचवण्यासाठी घरच्या मोटारघरात तेल बदलण्याची मोठी लाट आली. कायदाही मदतीला आला. तेल आमच्याच दुकानात बदलले नाही तर हमी रद्द, असे पुष्कळ ग्राहकांच्या मनावर ठसलेले होते. विशिष्ट कंपनीचा माल किंवा विशिष्ट दुकानाची सेवा पैसे देऊन घेतलीच पाहिजे अशी अट हमीला जोडता येणार नाही, असा मॅग्नसन-मॉस कायदा झाला आणि ४ जानेवारी १९७५ रोजी त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. योगायोग असा की या राष्ट्राध्यक्षांचे आडनावही फोर्डच. मोटारवाल्या फोर्डांशी त्यांचे नाते मात्र नव्हते.

मालक पुन्हा गाडीखाली शिरला खरा, परंतु भोवतालचे जग १९१० चे राहिले नव्हते. पंपावर जुने तेल एका टाकीत जमा होई. आता ते लाखो घरांतून थोडे थोडे बाहेर पडू लागले आणि गटारात, कचऱ्याच्या डब्यात, परसातल्या मातीत जिरू लागले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे सांगणे असे की एका वेळच्या बदलातले तेल, म्हणजे सुमारे एक गॅलन, दहा लाख गॅलन गोडे पाणी नासवू शकते. वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराचा कायदा तेथे १९८० मध्ये करावा लागला.

काळ्या तेलाकडे दुर्लक्ष झाले असता काय होते याचे फार भयंकर उदाहरण त्याच सुमारास मिसुरी राज्यात घडले. सेंट लुइस शहराजवळ मेरमेक नदीच्या काठी टाइम्स बीच नावाची छोटी वसाहत होती. १९२५ मध्ये एका वर्तमानपत्राने आपल्या वर्गणीदारांना भूखंड देऊन ती वसवली. गावाचे नावही त्या पत्राच्या नावावरूनच पडले. रस्ते मातीचे, धूळ फार. १९७२ पासून काही वर्षे एका कंत्राटदाराकडून गावाने रस्त्यांवर जुने तेल शिंपडून घेतले. धूळ बसवण्याचा हा उपाय त्या काळी सर्वत्र रूढ होता. पण हा कंत्राटदार गॅरेजांतले तेल गोळा करी, तसा एका जंतुनाशकाच्या कारखान्यातील गाळही वाहून नेई, आणि दोन्ही एकत्र झाली होती. त्या गाळात डायॉक्सिन हे अतिविषारी द्रव्य होते. १९७१ मध्येच तेथील घोड्यांच्या रिंगणांत असे तेल शिंपडल्यावर घोडे पटापट मेले होते, चिमण्या छपरांवरून खाली पडल्या होत्या. तरी टाइम्स बीचच्या मातीची तपासणी व्हावयास १९८२ उजाडावे लागले. त्याच डिसेंबरात नदीला पूर आला आणि पाठोपाठ तपासणीचा निकाल आला. पुरामुळे बाहेर पडलेल्या लोकांना सांगण्यात आले की परत येऊ नका. फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारने सगळे गावच विकत घेण्याचे जाहीर केले. सुमारे दोन हजार माणसांचे गाव नकाशावरून पुसले गेले. आज तेथे एक सार्वजनिक उद्यान आहे. ते १९९९ मध्ये उघडले.

दोष घरगुती तेलाचा नव्हता, कारखान्याच्या गाळाचा होता, हे खरेच. पण जुन्या तेलात काहीही मिसळले तरी ते काळेच दिसते, ही गोष्ट गावाला फार महागात पडली. सोनेरी तेलात कोणी विष लपवू शकला नसता.

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्याकडे मोटार आली ती ड्रायव्हरसकट आली. शोफरची वाटणी येथे अधिक घट्ट बसली, कारण हात काळे होणारे काम खालच्याचे ही समजूत आपल्या समाजात मोटारीच्या कितीतरी आधीपासून मुरलेली होती. तिला छेद देणारी माणसेही याच भूमीत झाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षक होते. ते बेळगावात सायकलींचे दुकान काढून बसले आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले, ही हकिकत आपण जाणताच. १९४६ मध्ये त्याच घराण्याने पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. आणि येथे इतिहासाने एक गंमत केली आहे. शहरातील सुशिक्षित गृहस्थाने इंजिनाचे तेल स्वतः बदलण्याच्या पुष्कळ आधी खेड्यातील शेतकऱ्याने ते विहिरीवर बदलले. पंपाचे इंजिन बंद पडले तर ऊस वाळतो. मिस्त्री तालुक्याहून येईपर्यंत थांबणे त्याला परवडत नव्हते. ‘मॉडेल टी’च्या मालकाची गरज आणि याची गरज अगदी एक होती.

शहरातल्या मध्यमवर्गाच्या हाती पहिले स्वयंचलित वाहन आले ते बहुधा स्कूटर. पुण्याजवळ आकुर्डीला बनलेल्या बजाजच्या स्कूटरींवर एका पिढीचा संसार झाला. ते इंजिन दोन ठोक्यांचे. त्याच्या पोटात तेलाचा साठा नसतो. पेट्रोलमध्येच तेलाचे माप मिसळावयाचे, ते बेअरिंगला वंगण देता देता जळून जाते. म्हणजे थेंब मोजणाऱ्या जुन्या मोटारींची सर्वस्वी खर्चाची पद्धत आपल्या गल्ल्यांतून शतकाच्या अखेरीपर्यंत निळा धूर सोडीत फिरत होती. गिअरपेटीतले थोडे तेल तेवढे बदलावे लागे. हवेत जाणाऱ्या तेलाची विल्हेवाट कोणाला लावावी लागत नव्हती, ती सगळ्यांच्या फुप्फुसांनी लावली. १९८५ मध्ये हीरो होंडाची चार ठोक्यांची मोटारसायकल आली. तेव्हापासून घराघरांत इंजिन ऑइल बदलण्याचे वेळापत्रक आले. गाडीची पुस्तिका, एक पाना, एक पसरट डबा आणि लिटरभर तेल एवढ्या सामग्रीवर रविवारी सकाळी हे काम करणारी माणसे आता वाडा पाडून उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही दिसतात. शेजारी नाराज असतात, ती गोष्ट निराळी.

निघालेल्या तेलाचे आपल्याकडे काय होते? आपला समाज काटकसरी. जळके ऑइल फेकून द्यावे असे येथे सहसा कोणाला वाटत नाही. ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, दाराच्या बिजागरीला लावतात, बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात म्हणजे सिमेंट चिकटत नाही. या काटकसरीचे कौतुक करावेसे वाटते. पण त्या तेलात इंजिनात झिजलेल्या धातूचे कण आणि ज्वलनाची हानिकारक द्रव्ये असतात, वर्षानुवर्षे ते कातडीला लागत राहणे धोक्याचे आहे, आणि सेंट्रिंगच्या मजुराला हातमोजे कोणी देत नाही. दुसरा मार्ग पुन्हा शुद्ध करण्याचा. मूळचे तेल जिजत नाही, मळते. पाणी उडवून, निर्वातात ऊर्ध्वपातन करून मळ वेगळा केला की पुन्हा उपयोगी तेल मिळते. लहान कारखान्यांत पूर्वी गंधकाम्ल व माती वापरून हे काम चाले. त्यातून उरणारा आम्लाचा चिखल मूळ रोगापेक्षा वाईट होता.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे, आणि परवाना असलेल्या कारखान्यानेच ते शुद्ध करावे असे बंधन आहे. २०२३ मध्ये त्यांत दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठराविक प्रमाणात जुने तेल पुन्हा शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी आली. घरी तेल काढणाऱ्या गृहस्थाजवळ मात्र कंपनीचा माणूस येत नाही. त्याच्या हातात उरतो तीनसाडेतीन लिटरांचा एक काळा डबा. ज्या गॅरेजाची मजुरी त्याने वाचवली, त्याच्याच मागच्या बाजूला जुन्या तेलाचे पिंप असते आणि ते तेल विकले जात असल्यामुळे बहुतेक मिस्त्री डबा खुशाल ओतू देतात. त्यात पाणी, रॉकेल किंवा ब्रेकचे तेल मिसळलेले नसावे, एवढे विचारून घेतात. मिसळलेल्या तेलाला शुद्ध करणाऱ्याकडे भाव येत नाही.